एन्डोमेट्रिओसिसचं दुखणं आणि मेंदूवरचा सौम्य वीजप्रवाह

एन्डोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, जगातल्या प्रजननक्षम वयाच्या साधारण 10 टक्के स्त्रियांना होतो. म्हणजे कल्याण-डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलच्या महिला डब्यातही ओटीपोटातली कळ सोसत उभ्या असलेल्या कितीतरी जणी असणार. शस्त्रक्रियेनंतरही काहींचं दुखणं उरतं, कारण वर्षानुवर्षं वेदनेचे संदेश घेऊन मज्जासंस्था अतिसंवेदनशील होते. म्हणून उपचारांत मेंदूचाही विचार हवा. त्यासाठीची एक पद्धत म्हणजे टीडीसीएस (ट्रान्सक्रॅनिअल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन); तिच्यात डोक्यावर इलेक्ट्रोड लावून साधारण 2 मिलिअँपिअर प्रवाह 20 मिनिटं देतात.

‘म्हणजे दुखणं मनाचं?’ नाही, बदल मज्जासंस्थेतला, खराच असतो. ‘नुसता प्लासिबो?’ शंका रास्त आहे, म्हणूनच चाचण्यांत खोट्या उपचाराशी तुलना करतात. 2023च्या एका जर्मन चाचणीचे निष्कर्ष आशादायक होते, पण त्यात स्त्रिया जेमतेम 36. त्यामुळे हा उपचार पूरकच समजावा. ठाणे-डोंबिवलीतल्या मैत्रिणींनो, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून निदान करून घ्या. ऑनलाइन यंत्र मागवून घरी प्रयोग नकोत. प्रश्न असतील तर जरूर विचारा.