दोन उंट आणि एक संत

काशीयात्रा करून आलेल्या घरी मावंद्याच्या दिवशी देवापुढे तांब्याचे छोटे, तोंड बंद केलेले गडू मांडलेले असतात. कन्नड घरांत त्यालाच कुणी गिंडी म्हणतात. आत गंगा असते. दीड हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अबू मेना या तीर्थाहून परतणारा ख्रिस्ती यात्रेकरूही असाच तळहातावर मावेल असा एक गडू घरी नेत असे. फक्त तो मातीचा असे, आणि त्यावर चित्र असे.

अलेक्झांड्रियाच्या नैर्ऋत्येला सुमारे ४५ किलोमीटरवर अबू मेना आहे. मेनास हा रोमन सैन्यातला शिपाई. सम्राट डायोक्लेशियनच्या काळात श्रद्धेपायी त्याने प्राण दिले, असे परंपरा सांगते. त्याचा देह वाहून नेणारा उंट एका जागी बसला तो उठेचना. मग तिथेच दफन झाले आणि पुढे तिथे मोठे तीर्थ उभे राहिले.

गडूवर हीच कथा आहे. मधोमध दोन्ही हात पसरून प्रार्थना करणारा मेनास आणि दोन्ही बाजूंना गुडघे टेकलेले उंट. कथेत उंट एक, चित्रात दोन का? त्याच्या थडग्यापाशी असेच शिल्प असावे, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे यात्रेकरूने डोळ्यांनी पाहिले तेच गडूवर उतरले. काही गडूंवर ग्रीक अक्षरे आहेत, ‘संत मेनासची युलोगिया’. युलोगिया म्हणजे आशीर्वाद. आपण सरळ प्रसाद म्हणू.

हे गडू पाचव्या शतकाच्या अखेरीपासून सातव्या शतकाच्या मध्यापर्यंत ढिगांनी बनले. साच्यात दाबलेले दोन अर्ध एकत्र जोडायचे, वर मान आणि दोन कान लावायचे, की भट्टीत. कारागिरी म्हणाल तर बेताचीच. कित्येकांवर संताचे डोळे म्हणजे नुसते ठिपके. पण पॅरिसच्या लुव्हर संग्रहालयातला एक गडू जरूर पाहण्यासारखा आहे. त्याच्या एका बाजूला मेनास आहे आणि दुसऱ्या बाजूला हात बांधलेली संत थेक्ला, आजूबाजूला हिंस्र श्वापदे. श्वापदांनी तिला काही केले नाही, अशी कथा आहे. घरच्या बायकांसाठी असा गडू कुणी मुद्दाम निवडून नेला असेल का, असे वाटून जाते.

जेरुसलेमचे गडू कथिल-शिशाचे. त्यांतले बरेच आज इटलीत मोंझा येथे आहेत. त्यांवरची येशूची कबर बायबलमधल्या खडकातल्या गुहेसारखी दिसत नाही, तर यात्रेकरूंनी पाहिलेल्या, कबरीवर बांधलेल्या छोट्या मंदिरासारखी दिसते. ‘जीवनवृक्षाचे तेल’ असे त्यांवर लिहिलेले आहे. हा वृक्ष म्हणजे क्रूस. साधारण ५७० साली तिथे गेलेला एक यात्रेकरू लिहितो, की क्रूसाचे लाकूड गडूच्या तोंडाला लागताच आतले तेल उसळून येई.

मेनासचे गडू थेट इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत पोचले. अबू मेनाचे मूळ स्थान मात्र वाळूखाली गेले. जर्मन संशोधक कार्ल मारिया काउफमान याने ते १९०५ साली शोधले आणि १९७९ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा मानले. पुढे आसपासच्या शेतीला पाणी आले, भूजल वर चढले आणि पायाखालची चिकणमाती भुसभुशीत झाली. संताच्या तळघरासह काही भाग वाळू भरून तगवावा लागला. २००१ साली हे स्थळ युनेस्कोच्या धोक्यातल्या यादीत गेले. पंप बसवून पाणी उपसत राहिल्यावर २०२५ साली ते त्या यादीतून बाहेर आले.