रिपोर्टातला ठळक आकडा

मंडळी, रक्ताचा रिपोर्ट हाती आला की आपली नजर आधी कुठे जाते? ठळक छापलेल्या आकड्याकडे. त्याच्यापुढे कुठे चांदणी, कुठे बाण. लगेच घरात कुजबुज सुरू होते. मी काही वैद्यकातला माणूस नाही, शब्दांतला आहे. म्हणून त्या कागदावरच्या ‘नॉर्मल’ या एकाच शब्दाविषयी बोलतो.

ही नॉर्मलची हद्द ठरते कशी? निदान १२० निरोगी माणसे घ्यावीत, असा संकेत आहे. त्यांचे रक्त तपासून आकडे चढत्या क्रमाने मांडतात. खालचे अडीच आणि वरचे अडीच टक्के बाजूला काढतात. मधले ९५ टक्के म्हणजे आपली हद्द. आता गंमत पाहा, बाजूला काढलेलेही धडधाकटच होते! म्हणजे दर वीस निरोगी माणसांत एखादा हद्दीबाहेर असायचाच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. म्हणूनच फिनलंडच्या ग्रेसबेक आणि सारिस या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये ‘नॉर्मल’ऐवजी ‘संदर्भमूल्य’ हा शब्द पुढे आणला.

पण याचा अर्थ आकडा हद्दीत असला की निर्धास्त व्हावे, असाही नाही. क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होते आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकते. १.१ हा आकडा तालमीतल्या पैलवानाला शोभतो. ऐंशीच्या कृश आजीबाईंच्या रक्तात तोच आकडा मूत्रपिंड मंदावल्याची खूण असू शकतो.

काही रेषा मात्र निरोगी गर्दी पाहून आखलेल्या नसतात, धोका पाहून आखलेल्या असतात. उपाशीपोटी साखर १४० झाली की मधुमेह, असे पूर्वी धरत. १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ही रेषा १२६ वर आणली, कारण डोळ्यांच्या पडद्याची इजा त्याआधीच सुरू होताना दिसत होती.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. हिमोग्लोबिन प्रौढ पुरुषाचे १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रीचे १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय म्हणते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक! घरातल्या बाईचा आकडा ९ आला, तर आपण म्हणतो, ‘बायकांचं एवढंच असतं.’ नेहमी दिसते ते निरोगीच असते, असे आपण धरून चालतो. तिचा थकवा मग कामचुकारपणा ठरतो.

तेव्हा दोन गोष्टी करा. जुने रिपोर्ट रद्दीत टाकू नका. एका फाइलीत तारीखवार लावा आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करा. हिमोग्लोबिन १५ वरून १३.२ वर आले, तर कागदावर चांदणी उमटणार नाही. पण मागचा रिपोर्ट शेजारी असेल, तर डॉक्टर नक्की विचारतील, ‘हे कशामुळे?’ आणि दुसरे, घरातल्या बाईचा रिपोर्टही त्याच फाइलीत असू द्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)