मर्सर : एका अल्पायुषी कारखान्याची वेगवान मोटार

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ट्रेंटन नावाचे शहर आहे. पोलादी तारांचे दोर तयार करणारे रोब्लिंग घराणे येथलेच. न्यूयॉर्कचा सुप्रसिद्ध ब्रुकलिन पूल ह्याच घराण्यातील पितापुत्रांच्या कर्तृत्वाने उभा राहिला. ह्या घराण्याने कूझर घराण्याच्या साहाय्याने १९०९ साली मोटारींचा एक कारखाना काढला. ट्रेंटन ज्या जिल्ह्यात वसले आहे त्याचे नाव मर्सर. तेच नाव मोटारीस मिळाले.

१९११ साली फिनले रॉबर्टसन पोर्टर ह्या अभियंत्याने आखलेली ‘रेसअबाउट’ ही मोटार विक्रीस आली. तीस दारे नव्हती, छप्परही नव्हते. वाऱ्याचा मारा चुकविण्यासाठी चालकापुढे एक वाटोळी काच बसविता येई, इतकाच काय तो आडोसा. परंतु ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर, वेगाची हमी कारखाना देत असे. पुढच्या चाकांना ब्रेक नसण्याच्या त्या काळात असा वेग हे धाडसच होते.

हा वेग कशामुळे साधला? इंजिनाचे आकारमान ३०० घन इंच, म्हणजे सुमारे ४.९ लिटर होते आणि शक्ती सुमारे ५५ अश्वशक्ती. त्या काळच्या कित्येक शर्यतीच्या मोटारींत याहून पुष्कळच मोठी इंजिने असत. मर्सरचे सामर्थ्य तिच्या हलकेपणात होते. न्यूटनच्या नियमानुसार, लावलेले बल तेच ठेवून वस्तुमान कमी केले तर गतिवृद्धी अधिक होते. शिवाय बैठक ठेंगणी असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली राही आणि वळणावर मोटार उलटण्याचे भय कमी होई.

शर्यतींत ह्याचा प्रत्यय आला. इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत १९१२ साली ह्यू ह्यूजेस तिसरा, तर १९१३ साली स्पेन्सर विशार्ट दुसरा आला. १९१४ साली सांता मोनिका येथे एडी पुलेन ह्याने अमेरिकन ग्रँड प्राइझ शर्यत जिंकली. अमेरिकन मोटारीने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एल्जिन येथील शर्यतीत मर्सर हाकीत असता विशार्ट मृत्युमुखी पडला. वेगाचे मोल असेही द्यावे लागे.

पोर्टरच्या इंजिनात सिलिंडराच्या एका बाजूस इंधनमिश्रण आत घेणाऱ्या झडपा आणि दुसऱ्या बाजूस धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा होत्या. ह्या रचनेत ज्वलनाची जागा दोन्हीकडे पसरते. त्यामुळे बरीच उष्णता भिंतींत वाया जाते आणि मिश्रण फारसे दाबता येत नाही. पोर्टर गेल्यावर एरिक डेलिंग ह्याने सर्व झडपा एकाच बाजूस घेतल्या आणि दट्ट्याची धाव लांबविली. आकारमान जवळजवळ तेवढेच राहूनही शक्ती सुमारे ७० अश्वशक्तीपर्यंत चढली.

यंत्र सुधारले, पण कारखान्याचे आधारस्तंभ ढासळत होते. मर्सरच्या उभारणीत पुढाकार घेणारा तरुण वॉशिंग्टन रोब्लिंग (दुसरा) १९१२ साली ‘टायटॅनिक’ बोटीबरोबर बुडाला. त्याचे चुलते फर्डिनंड १९१७ साली आणि वडील चार्ल्स १९१८ साली निवर्तले. १९१९ साली कारखाना ‘हेअर्स मोटर्स’च्या हाती गेला. लवकरच युद्धोत्तर मंदी आली आणि १९२५ च्या सुमारास उत्पादन थांबले.

सोळा वर्षांत मर्सरच्या मोटारी काही हजारच निघाल्या. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ची संख्या १९२७ पर्यंत दीड कोटीवर गेली. साखळीपद्धतीने काढलेली स्वस्त मोटार शेतकऱ्याच्याही अंगणात पोचली, तर मर्सर मूठभर हौशी धनिकांपुरती राहिली. उत्तम यंत्र निर्माण करणे आणि ते निर्माण करणारा कारखाना टिकविणे, ह्या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. पहिली ट्रेंटनच्या कारागिरांना पूर्ण अवगत होती. त्यांच्या रेसअबाउट मोटारींपैकी काही आजही संग्रहालयांत जतन केलेल्या आढळतात.