जर्मनीत भाड्याने राहताना: ऐकीव सल्ले आणि तिथला कायदा

म्युनिक, स्टुटगार्ट किंवा बर्लिनला नोकरी लागली की विमानात बसण्याआधीच घराची शोधाशोध सुरू होते आणि सल्ल्यांचा पाऊस पडतो. यातले बरेचसे सल्ले कोथरूड-ठाण्याच्या अनुभवावर बेतलेले असतात. मालकाच्या मर्जीत राहा, अकरा महिन्यांनी पुढचं बघू, वगैरे. जर्मनीत मात्र अर्ध्याहून अधिक कुटुंबं भाड्याने राहतात, अनेकजण तर जन्मभर. तिथला कायदा या लोकांना समोर ठेवून लिहिलेला आहे.

अकरा महिन्यांचंच घ्या. तिथे नेहमीच्या कराराला मुदतच नसते. मुदत घालायची तर मालकाला कायद्यात बसणारं कारण आधीच लेखी द्यावं लागतं. ‘मालक म्हणेल तेव्हा गाशा गुंडाळायचा’ हाही गैरसमजच. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला राहायला घर हवं आहे, असं ठोस कारण त्याला दाखवावं लागतं. शिवाय भाडेकरू जितका जुना, तितकी नोटीस लांब: सुरुवातीला 3 महिने, 5 वर्षांनंतर 6 आणि 8 वर्षांनंतर 9. भाडेकरूला मात्र कारण न सांगता 3 महिन्यांच्या नोटिशीवर घर सोडता येतं. दोन महिन्यांचं भाडं थकवलंत तर हे संरक्षण संपतं, मालक करार तत्काळ मोडू शकतो.

खरी मेख नोटिशीच्या कागदात आहे. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर दिलेली नोटीस, मालकाने वाचून ‘ओके’ म्हटलं तरी, कायद्याने नोटीस ठरत नाही. कागदावर, शाईच्या सहीनिशी पत्र हवं. ते महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचलं तरच तो महिना मोजला जातो. एक दिवस उशीर झाला तर एका महिन्याचं भाडं ज्यादा. आपल्याकडची ‘मालकांशी बोलणं झालंय’ ही सवय इथे महागात पडते.

जाहिरातीतला आकडा म्हणजे भाडं, असं धरून बजेट मांडणारे दुसऱ्याच महिन्यात हादरतात. तो आकडा बहुधा ‘काल्टमीटे’चा, म्हणजे नुसत्या जागेच्या भाड्याचा असतो. हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई, एवढंच काय, इमारतीचा मालमत्ता करही त्यावर चढतो, तेव्हा होते ‘वार्ममीटे’. ही वरची रक्कम दरमहा अंदाजाने घेतात आणि वर्षाअखेर हिशेब करतात. वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत हिशेब हातात पडला नाही, तर मालकाला सहसा जादा पैसे मागता येत नाहीत. तुमचे काही निघत असतील तर ते मात्र द्यावेच लागतात. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा वेगळं. शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी: 2021च्या ऑगस्टपासून महिन्याला 18.36 युरो, दर घरामागे, टीव्ही असो वा नसो. ‘आमच्याकडे टीव्हीच नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही.

‘दोन खोल्यांचं घर’ म्हणजे टू बीएचके नव्हे. स्वयंपाकघर आणि बाथरूम खोल्यांत धरत नाहीत, म्हणजे ते आपलं वन बीएचके. आणि स्वयंपाकघर म्हणावं तर तिथे ओटा असेलच असं नाही! जुना भाडेकरू कपाटं, शेगडी, सिंक सगळं उचलून नेतो. छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात. तोच कधी हा सरंजाम नव्या भाडेकरूला विकतो. मात्र वस्तूंच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम मागायला कायद्याची मनाई आहे.

डिपॉझिटची भीती मुंबईकरांना जास्त, पण इथे कायदा दिलासा देतो. जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, तेही तीन हप्त्यांत, आणि पहिला हप्ता करार सुरू होताना. त्यामुळे चावी पोस्टाने पाठवतो, आधी पैसे टाका, असं कोणी म्हणालं तर तो लबाड समजावा. दलाली 1 जून 2015पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच द्यायची. मालकाच्या दलालाचे पैसे तुमच्या माथी येत नाहीत.

‘भाडं सरकारने बांधून दिलंय’ हे अर्धसत्य. बर्लिनने भाडी गोठवणारा कायदा केला होता, तो घटनात्मक न्यायालयाने एप्रिल 2021मध्ये रद्द ठरवला. टंचाईच्या शहरांत नवा करार करताना परिसरातल्या तुलनात्मक भाड्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त घेऊ नये, असा नियम आहे. पण 1 ऑक्टोबर 2014नंतर पहिल्यांदा वापरात आलेली घरं त्यातून वगळलेली आहेत. जादा भाड्याची लेखी हरकतही भाडेकरूनेच घ्यायची. ती कशी घ्यायची हे भाडेकरू संघटना वार्षिक वर्गणीत सांगतात. माझ्या मते हे सगळ्यात उपयोगी पडणारे पैसे, आणि आपले लोक नेमके तेच वाचवतात.

मात्र कायद्याचं हे सगळं बळ मुख्यतः सही झाल्यावरचं. घर बघायला रांग लागलेली असते तेव्हा मालक कोणाला निवडेल यावर कायद्याचा फारसा जोर चालत नाही. वंश किंवा मूळ पाहून घर नाकारायला 2006च्या कायद्याची मनाई आहे, पण गर्दीत तसं घडल्याचं दाखवणं कठीण. तिथे पगाराच्या स्लिपा, नोकरीचा करार आणि ‘शूफा’चा पत अहवाल बोलतो. शूफा नसेल तर घर नाहीच, ही अफवा. तो अहवाल कायद्याने सक्तीचा नाही. नव्याने आलेल्याचा पतइतिहास कुठून असणार? नोकरीचा करार आणि कंपनीचं पत्र पुढे करावं.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. त्यासाठी लागणारा दाखला देणं मालकावर 2015पासून बंधनकारक आहे. ‘इथे नाव लावायचं नाही’ म्हणणाऱ्याचं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये. नोंदणी झाल्याशिवाय कर क्रमांक येत नाही आणि पगारातून जबर कर कापला जातो.

राहता राहिलं डिपॉझिट परत मिळणं. चावी दिली की पैसे हातात, असं होत नाही. परतीची नेमकी मुदत कायद्यात नाही. नुकसान तपासायला मालक काही महिने घेऊ शकतो आणि वर्षाचा हिशेब व्हायचा असेल तर थोडी रक्कम अडकवून ठेवू शकतो. म्हणून भारतात परतणाऱ्यांनी तिथलं बँक खातं घाईने बंद करू नये.