सांत्वन कोणाचे?

मृत्यू झालेल्या घरी कसे वागावे, याचे संकेत मराठी समाजात चांगले रुळलेले आहेत. भेटावयास आलेला मनुष्य फार बोलत नाही, उठताना 'येतो' म्हणत नाही. नुसते शेजारी बसण्यालाच तेथे किंमत असते. परंतु एखाद्या स्त्रीचा गर्भ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेला, तर असा कोणताही संकेत कोणाच्या हाताशी नसतो. त्या दुःखाला भेटावयास जाण्याची रीत नाही आणि पुष्कळदा नावही नाही. ही रिकामी जागा मग सल्ल्यांनी भरली जाते.

पहिला सल्ला बहुधा कारणाचा असतो. पपई खाल्ली असेल, एस. टी.चा प्रवास नडला, ग्रहणात सुरी हातात धरली, नोकरीपायी जिने चढउतार केले, यापुढे जपावे. बोलणे पुढच्या वेळचे असले, तरी निकाल मागच्या वेळचा दिलेला असतो. वस्तुस्थिती अशी की, ठाऊक झालेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी सुमारे पंधरा आपोआप संपुष्टात येतात आणि आरंभीच्या महिन्यांतील अशा घटनांपैकी निम्म्याच्या आसपास घटनांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. हा दोष बहुतेक वेळा गर्भधारणेच्या वेळीच योगायोगाने निर्माण होतो. पाण्याची बादली उचलल्याने तो येत नाही आणि न उचलल्याने टळत नाही. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावते, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे, म्हणून ती टाळावयास हरकत नाही. पण लग्नाच्या पंगतीत खाल्लेल्या पिकलेल्या फोडीवर आरोप ठेवणे म्हणजे पुराव्यावाचून शिक्षा ठोठावणे होय.

तरीही कारण शोधल्याखेरीज माणसांना चैन पडत नाही. दहावीत नापास झालेल्या मुलाच्या घरी, गिरणी बंद पडून बसलेल्या कामगाराच्या घरी, अकाली वैधव्य आलेल्या स्त्रीच्या घरीही हेच घडते. तिची चूक सापडली की ती चूक न करणारा सुरक्षित ठरतो. सल्ला देणाऱ्याची धास्ती अशी शमते. सांत्वन होते ते त्याचे.

या बाबतीत भाषाही स्त्रीच्या बाजूची राहिलेली नाही. आयुर्वेदाने चौथ्या महिन्यापर्यंत स्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात पात असा भेद केला होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गर्भस्रावानंतर, जितके महिने झाले असतील तितक्या रात्रींचे अशौच सांगितले आहे. शुद्धाशुद्धतेची ती कल्पना आज पटण्यासारखी नाही. पण काही घडले आहे याची निदान मोजदाद तरी तीत होती. आज आपोआप गेलेला गर्भ आणि इच्छेने पाडलेला गर्भ, दोहोंना 'गर्भपात' हा एकच शब्द वापरला जातो. तो कानावर पडताच ऐकणाऱ्याच्या भुवया किंचित वर जातात, आणि मूल हवे असलेल्या स्त्रीला, आपण काही केले नाही, असा खुलासा करीत बसावे लागते.

दुसरा सल्ला मुदतीचा. कोणी म्हणते, लगेच दुसऱ्याची तयारी करा. कोणी म्हणते, वर्षभर नाव काढू नका. येथे तज्ज्ञांचेही मत बदलत आले आहे. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी किमान सहा महिने थांबण्याची शिफारस केली होती. २०१० साली स्कॉटलंडमधील तीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा सहा महिन्यांच्या आत पुन्हा गर्भ राहिलेल्यांची पुढील बाळंतपणे उलट अधिक सुरळीत झाल्याचे दिसले. तज्ज्ञांची शिफारस नोंदींपुढे नमते. शेजारणीचा सल्ला कशापुढेच नमत नाही. अर्थात शरीराला आणि मनाला किती अवकाश हवा, हे त्या जोडप्याने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावयाचे असते.

'अजून तरुण आहेस, विसरून जा', हा तिसरा सल्ला सर्वांत मायेने दिला जातो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या लंडन व बेल्जियममधील संशोधकांच्या पाहणीत, आरंभीच्या काळात गर्भ गमावलेल्या शंभरांपैकी एकोणतीस स्त्रियांत महिन्याभराने तीव्र मानसिक आघाताची लक्षणे आढळली. नऊ महिन्यांनीही अठरा जणींत ती टिकून होती. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. ते दुःख त्या विसरल्या नाहीत. वैद्यक शिकण्याच्या त्यांच्या निश्चयात त्याचा मोठा वाटा होता, आणि १८८६ साली त्या पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या. प्रत्येकीने असे काही करून दाखवावे, असा याचा अर्थ नव्हे. पण विसरण्याची सक्ती कोणावरच नसावी. पतीला तर 'तिला सांभाळ' एवढेच सांगितले जाते. त्याचेही काही गेले आहे, हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

जे सांगावयास हवे ते मात्र या गर्दीत राहून जाते. रक्तस्राव फार होत असेल किंवा ताप भरला असेल, तर 'घरचे घरीच ठेवा' हा सल्ला जिवावर बेतू शकतो. स्त्रीचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर पुढच्या गर्भाच्या रक्षणासाठी अँटी-डीचे इंजेक्शन लागेल काय, हे डॉक्टरांना लगेच विचारले पाहिजे. लागत असल्यास ते शक्यतो ७२ तासांच्या आत द्यावयाचे असते. गर्भ वारंवार जात असेल, तर थायरॉइडची आणि रक्त गोठण्याच्या दोषांची तपासणी करावी लागते. त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळी केल्याने ज्यांच्या मनाला शांती मिळते, त्यांनी तो अवश्य करावा. पण तपासणीच्या ऐवजी नव्हे.

कचेरीतला सल्ला तेवढा उरतो. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली आहे. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. त्या सहा आठवड्यांत अशा स्त्रीला जाणूनबुजून कामावर ठेवण्यास मालकाला मनाईच आहे. केंद्र सरकारच्या कर्मचारी स्त्रीला संपूर्ण सेवेत मिळून ४५ दिवसांपर्यंत अशी रजा मिळू शकते. परंतु अर्ज लिहावयास बसलेल्या स्त्रीला एखादा अनुभवी सहकारी हलक्या आवाजात सुचवितो की, असले कारण कागदावर आणू नका, चर्चा होते. पोटदुखी लिहा, किरकोळ रजा टाका. सल्ल्यामागचा हेतू चांगला असतो. ती पोटदुखी लिहिते, आणि पाचव्या दिवशी हजेरीपटावर तिची सही असते.