ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असं नाही

केलगेरी तलावाचे गोड्या पाण्यातले मासे आपण ओळखतो. पण पोरांनी घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली, तर तिथली दुखणी वेगळी.

अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके, मासा दगडाला अंग घासतो, म्हणजे परजीवी लागला. काही दिवसांत ठिपके जातात, आपण निर्धास्त होतो. खरं तर तो तळाला पडून तिथं एकाचे अनेक होतो आणि परत माशांना धरतो.

म्हणून सगळेच मासे वेगळ्या टाकीत काढा. तांब्याचं औषध तिथंच, मोजून द्या. मूळ टाकीत घातलं तर प्रवाळ, कोळंबी मरतात. मूळ टाकी अडीच महिने माशांविना चालू ठेवा.

आणि कंटाळून मासा तलावात सोडू नका. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या पाण्यात तगत नाही.