उपनगरांतील मोटारी आणि आपल्या उंसाचा मद्यार्क

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांतून शेती जवळजवळ नाहींशी झाली आहे. तथापि तेथील पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींच्या टाकींत आज ऊंस, मका व तांदूळ यांपासून काढलेला मद्यार्क पांचव्या हिश्श्याइतका असतो. त्याविषयीं मोटारमालकांची ओरड 2025 सालीं बरीच वाढली. गाडी पूर्वीइतकी पल्ला देत नाहीं, सकाळीं लवकर सुरू होत नाहीं, फिल्टर वारंवार तुंबतो, रबरी नळ्या फुगून तडकतात, अशा या तक्रारी आहेत. माल आपल्या शेतांतला असल्यामुळें ही ओरड आपणांस परकी मानून चालणार नाहीं.

पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याची कल्पना नवी नव्हे. 1948 सालींच त्यासंबंधीं कायदा झाला होता. पुढें 2001 सालीं मिरज व मनमाड येथें प्रयोग झाले, 2003 पासून शेंकडा 5 मिश्रण कांहीं प्रांतांत सुरू झालें आणि जून 2022 मध्यें तें शेंकडा 10 वर पोंचलें. शेंकडा 20 चें उद्दिष्ट मुळांत 2030 सालचें होतें; तें पांच वर्षें अलीकडे ओढून 2025 सालींच गांठण्यांत आलें. मुदत अलीकडे आली, परंतु रस्त्यावरील गाड्या होत्या त्याच राहिल्या. या मिश्रणास टिकतील असे भाग घातलेल्या गाड्या साधारण एप्रिल 2023 पासून निघूं लागल्या. तत्पूर्वीं घेतलेल्या लाखों गाड्यांचे मालक काय करणार, हा प्रश्न तसाच राहिला.

आतां बिघाडाचें कारण पाहूं. लिटरास लिटर मोजल्यास मद्यार्काची उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश भरते. म्हणून पांचवा हिस्सा मद्यार्क घातला कीं पल्ला थोडा तरी घटणारच. त्यांत पंपवाल्याची लबाडी असलीच पाहिजे असें नाहीं. दुसरें, मद्यार्क पाणी ओढून घेतो. थोडें पाणी तो आपल्यांत मुरवतो. मर्यादा ओलांडली म्हणजे पाणी व मद्यार्क मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशीं बसतात. पंप पेट्रोल खेंचतो तें तळाकडूनच! उपनगरांतील नोकरदार रोज लोकलनें जातो व मोटार इमारतीखालीं उभी ठेवून रविवारीं बाहेर काढतो. चार महिने पावसाळा, दमट हवा, अर्धी रिकामी टाकी. अशा गाडीस हा दोष अधिक संभवतो. तिसरें, मद्यार्क जुन्या टाकींतील चिकट थर सोडवतो व तो गाळ फिल्टरांत जाऊन अडकतो. जुन्या प्रकारचें रबर त्याच्या संगतींत फुगतें किंवा कडक होतें, तो प्रकार निराळाच.

मात्र प्रत्येक बिघाडाचा दोष मद्यार्काच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. अंधेरीच्या सब-वेमध्यें पावसाचें पाणी तुंबतें हें सर्वश्रुत आहे. त्यांत घातलेली गाडी कोणत्याही पेट्रोलवर बंद पडेल. पंपाच्या भूमिगत टाकींत पाणी झिरपणें किंवा भेसळ होणें हेंही घडतें. गॅरेजवाल्यास अमुक एक कारण सांगणें सोईचें असतें, एवढें ध्यानांत ठेवावें.

सरकारी बाजू अशी. नीति आयोगाच्या 2021 सालच्या अहवालांत जुन्या धर्तीच्या चारचाकी गाड्यांची घट शेंकडा 6 ते 7 धरली होती, व ती भरून निघावी म्हणून असें पेट्रोल स्वस्त द्यावें असेंही सुचविलें होतें. ऑगस्ट 2025 मध्यें पेट्रोलियम मंत्रालयानें घट नव्या गाड्यांत 1 ते 2 व इतरांत 3 ते 6 टक्के असल्याचें सांगितलें, आणि जुन्या गाड्यांचे कांहीं रबरी भाग व गॅस्किट 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील हें मान्य केलें. मद्यार्कच आतां महाग, सरासरी लिटरास 71 रुपयांवर पडतो, म्हणून स्वस्ताई देतां येत नाहीं, हा त्यांचा खुलासा. कारकुनी संवयीनें हिशेब करतों: लिटरास 15 किलोमीटर चालणारी गाडी महिन्यास 800 किलोमीटर फिरली व शेंकडा 6 घट धरली, तर सुमारें साडेतीन लिटर जादा लागतें. शंभरावर भाव धरतां साडेतीनशें रुपये झाले. रक्कम मोठी नव्हे. पण मालकास न विचारतां ती त्याच्या नांवें खर्चीं टाकली, राग त्याचा आहे.

आपलें हित यांत कसें गुंतलें आहे? एक टन उंसाच्या रसापासून सुमारें 70 लिटर मद्यार्क निघतो व रसाच्या मद्यार्कास 65 रुपये 61 पैसे दर ठरला होता. कर्ज काढून उभारलेल्या आसवन्यांवर कित्येक साखर कारखान्यांचीं उंसाचीं बिलें अवलंबून आहेत. धोरण एका हुकुमानें कसें फिरतें हें 7 डिसेंबर 2023 रोजीं दिसलें. पाऊस कमी झाला, साखर महाग होईल या भीतीनें उंसाचा रस मद्यार्कास वापरण्यास मनाई झाली, व आठ-दहा दिवसांतच ती कांहीं प्रमाणांत सैल करावी लागली. 1 सप्टेंबर 2025 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मद्यार्करहित पेट्रोलची सोय मागणारा अर्ज फेटाळला. पण गिऱ्हाइकाची नाराजी कोर्टानें मिटत नसते. जुन्या गाड्यांकरितां कमी मिश्रणाचा निराळा पंप ठेवावा, ही त्यांची मागणी मला वाजवी वाटते. त्यानें आपला थोडा खप घटेल, पण उरलेला टिकेल.

शिवाय तेंच पेट्रोल आपल्या मोटारसायकलींत व फवारणी यंत्रांतही जातें. फवारणी संपल्यावर यंत्राची टाकी पूर्ण रिकामी करावी, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत यंत्र चालवावें, रबरी नळी फुगली असल्यास बदलून घ्यावी, आणि कॅनमधील पेट्रोल पावसाळाभर सांठवून ठेवूं नये.